गुन्हेपट तपासताना: संशय कोणावर, शोक कोणासाठी?

गुन्हेपटातल्या वैविध्याबद्दल पहिल्यांदाच लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा डोकी मोजतो. तपास पथकात बायका किती, अल्पसंख्याक किती, अपंग पात्र आहे का, समलिंगी पात्र आहे का. ही मोजणी करायचीच आहे, पण गुन्हेपटात ती फार लवकर अपुरी पडते. इथे प्रत्येक पात्राला गुन्ह्याभोवतीची एक जागा मिळते. कोणी मारतं, कोणी मरतं, कोणावर संशय येतो, कोणी काहीतरी पाहिलेलं असतं, कोणी शोधून काढतं. दहातली पाच पात्रं एका वंचित समाजाची असली आणि त्यांतली तीन प्रेतं, एक खबऱ्या नि एक खुनी असला, तर मोजणीच्या कागदावर तो सिनेमा उत्तम दिसेल.

म्हणून मी प्रत्येक गुन्हेपटाला तीन प्रश्न विचारते. संशय कोणावर टाकला? शोक कोणासाठी केला? आणि नेमकं काय घडलं हे सांगायचा अधिकार कोणाच्या हाती ठेवला? पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांच्या उत्तरांकडे नेणाऱ्या आहेत.

पायरी १: दोनदा बघायची तयारी ठेवा

पहिल्यांदा वही बंद ठेवून बघा. गुन्हेपट आपल्याला फसवण्यासाठीच रचलेला असतो, आणि तुम्ही कुठे फसलात ही तुमच्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची नोंद आहे. टिपणं काढत बघितलं तर तुम्ही सावध राहाल, आणि ही नोंद हातची जाईल.

सिनेमा संपला की लगेच, काहीही शोधून न बघता, दोन गोष्टी लिहा. एक, कोणकोणत्या पात्रांची नावं आठवतात. दोन, तुम्हाला कोणाकोणाचा संशय आला होता आणि नेमका कोणत्या क्षणी. नावं न आठवणाऱ्या पात्रांसाठी तुम्ही आपोआप ‘तो ड्रायव्हर’, ‘ती मोलकरीण’, ‘तो गप्प बसणारा मुलगा’ असं लिहाल. ते तसंच राहू द्या. दुसऱ्या वेळी बघताना शोधा, की सिनेमाने त्यांना नाव दिलं होतं आणि तुम्ही विसरलात, की नाव दिलंच नव्हतं. पहिली चूक तुमची, दुसरी सिनेमाची. लिहिताना या दोन्ही वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पायरी २: पात्रांचा तक्ता

दुसऱ्या वेळी बघताना साधा तक्ता करा. नाव, गुन्ह्यातली जागा (मृत, संशयित, साक्षीदार, तपास अधिकारी, वकील, खबऱ्या, नातेवाईक), सिनेमातून कळणारी सामाजिक ओळख आणि शेवटी पात्राचं काय झालं. ओळखीच्या रकान्यात लिंग, वंश, धर्म, जात, वर्ग, वय, अपंगत्व, लैंगिकता, स्थलांतरित असणं यांपैकी जे पडद्यावर खरोखर दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच लिहा. आडनावावरून किंवा चेहऱ्यावरून तुम्ही अंदाज बांधला असेल, तर त्यापुढे ‘अंदाज’ असं नोंदवा.

मोजताना सिनेमातलं जग कोणतं आहे हे विसरू नका. तुरुंगाच्या एका बराकीत घडणाऱ्या कथेत स्त्रिया नसणं आणि मोठ्या शहराच्या पोलीस ठाण्यात घडणाऱ्या कथेत त्या नसणं, या एकसारख्या गोष्टी नाहीत. तुलना त्या जागेच्या आणि त्या काळाच्या वास्तवाशी करा.

पायरी ३: संशयाचा नकाशा

ही पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच सोडून देतात.

रहस्य रचायचं तर पटकथाकाराला खोटे संशयित लागतात. खोटा संशयित तयार करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेला पूर्वग्रह वापरणं. मनोरुग्ण, बेघर माणूस, परक्या भाषेत बोलणारा शेजारी, अंगावर गोंदवून घेतलेला तरुण, चेहऱ्यावर व्रण असलेला माणूस यांना कॅमेऱ्याने दोन सेकंद जास्त दाखवलं, की संवादाची गरजच उरत नाही, संशय प्रेक्षकच पुरवतो. पुढे तो निर्दोष निघाला म्हणून सिनेमा सुटला असं समजू नका. त्या निर्दोष ठरण्याचं सिनेमाने काय केलं ते बघा. संशय घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली का? की संशयित पुढच्या प्रसंगात गायब झाला आणि तपास पुढे गेला?

बाँग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) या कोरियन चित्रपटात पोलीस एका बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणाला पकडतात, मारझोड करतात आणि त्याच्याकडून कबुली वदवून घेतात. खुनाचे तपशील तो सांगतो, म्हणून तो खुनी, असा त्यांचा तर्क असतो. खूप उशिरा त्यांच्या लक्षात येतं की त्याने तो खून पाहिला असावा. म्हणजे साक्षीदार पहिल्यापासून समोर बसलेला होता, पण त्याचं बोलणं साक्ष म्हणून कोणी ऐकलंच नाही. संशय वापरून संशय घेणाऱ्यांनाच पिंजऱ्यात उभं करायचं ते असं. तुमच्या तक्त्यात प्रत्येक खोट्या संशयितापुढे लिहा: संशय कशामुळे आला, पुराव्यामुळे की दिसण्यामुळे, आणि सिनेमाला त्या फरकाची जाणीव आहे का.

नॉर्मन ज्युइसन यांचा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) हा तर या प्रश्नावरच उभा आहे. रेल्वे स्टेशनवर बसलेल्या अनोळखी काळ्या माणसाला खुनाच्या संशयावरून पकडून आणतात, आणि तो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी निघतो. पायरी ५ मध्ये या सिनेमाकडे परत यायचं आहे.

पायरी ४: मेलेल्यांची बाजू

प्रत्येक मृत पात्रासाठी तीनच प्रश्न. मरण्याआधी आपण तिला किंवा त्याला जिवंत माणूस म्हणून भेटलो का? मेल्यावर कोण रडलं? कॅमेऱ्याने प्रेत कसं दाखवलं?

एकाच सिनेमात दोन खून झाले असतील तर दोन्ही प्रसंग पाठोपाठ लावून बघा. एका प्रेतावर चादर घातलेली असते, संगीत थांबतं, आई दारात कोसळते. दुसरं प्रेत अर्धनग्न आणि चांगल्या प्रकाशात पडलेलं असतं, आणि त्याच्या शेजारी उभे राहून दोन अधिकारी चहाकॉफी पीत बोलतात. कोण कोणत्या प्रकारात मोडतं ते लिहून काढा. धंदा करणाऱ्या बायका, ट्रान्स स्त्रिया, स्थलांतरित मजूर फार वेळा दुसऱ्या प्रकारात सापडतात. बातम्यांमध्येही हेच होतं. काही हरवलेल्या, बहुधा गोऱ्या, स्त्रियांसाठी देश हळहळतो आणि काहींची नोंदही होत नाही, याला अमेरिकी पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’ असं नाव दिलं. पटकथा बातम्यांवरच पोसलेल्या असतात, त्यामुळे ही सवय पडद्यावर उतरते यात नवल नाही.

इथे आणखी एक जुनी युक्ती ओळखायला शिका. नायकाची बायको, मुलगी किंवा प्रेयसी पहिल्या वीस मिनिटांत मारली जाते, आणि उरलेला सिनेमा त्याच्या दुःखाचा असतो. १९९९ मध्ये लेखिका गेल सिमोन यांनी अमेरिकी कॉमिक्समधल्या अशा स्त्रियांची यादी केली, तेव्हापासून या प्रकाराला ‘फ्रिजमधल्या बायका’ म्हणतात, कारण त्यांतल्या एका कॉमिकमध्ये नायकाच्या प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. चाचणी सोपी आहे: मेलेल्या बाईला स्वतःची एखादी इच्छा, मत, भांडण, काम होतं का? नसेल तर तिचं मरण हे फक्त नायकाचं इंधन आहे.

पायरी ५: खुर्ची आणि निर्णय

एखादं पात्र मोठ्या हुद्द्यावर दिसलं की आपण खूश होतो. गुन्हेपटात वंचित समाजातला वरिष्ठ अधिकारी हा आता जवळजवळ ठरलेला प्रकार झाला आहे. तो फायलींमागे बसतो, नायकाला रागावतो, ‘तुला चोवीस तास देतो’ म्हणतो आणि पुढच्या वेळी रागवायलाच परत येतो. त्याला खुर्ची आहे, पण कथेतला निर्णय त्याचा नाही. प्रत्येक महत्त्वाचा पुरावा कोणी शोधला, त्याचा अर्थ कोणी लावला आणि तो अर्थ बरोबर निघाला का, एवढं प्रसंगवार लिहिलंत की हुद्द्याचा मुलामा उतरतो.

त्याबरोबर हेही बघा की सिनेमाअखेर बदललं कोण. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ मध्ये सिडनी पॉइटिए यांनी साकारलेला टिब्स, म्हणजे तो फिलाडेल्फियाचा अधिकारी, हा सगळ्यांत हुशार आहे, थोबाडीत मारणाऱ्या गोऱ्या जमीनदाराला तो तिथल्या तिथे उलटी थोबाडीत देतो. १९६७ मध्ये हे पडद्यावर येणं फार मोठं होतं. तरीही अंतर्गत बदल होतो तो गोऱ्या पोलीस प्रमुखाचा. टिब्स आला तसाच जातो. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर पोलीस प्रमुख साकारणाऱ्या रॉड स्टायगर यांना मिळालं, पॉइटिए यांना त्या भूमिकेसाठी नामांकनही नव्हतं. मला हा सिनेमा मनापासून आवडतो, आणि त्याबद्दल लिहिताना या दोन्ही गोष्टी एकत्रच लिहायला हव्यात असं वाटतं.

पायरी ६: तयार चाचण्या, आणि त्यांची मर्यादा

१९८५ साली अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेत आलेली चाचणी बहुतेकांना ठाऊक असते: दोन स्त्रिया, त्यांचं एकमेकींशी बोलणं, आणि तेही पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर. गुन्हेपटात ती जपून वापरा. दोन निष्णात महिला अधिकारी तासभर एका पुरुष संशयिताबद्दल बोलत राहिल्या तर सिनेमा नापास होतो, आणि दोन शेजारणी हवापाण्यावर चार वाक्यं बोलल्या तर पास.

ग्लाड या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये मांडलेली वीटो रूसो चाचणी मला जास्त उपयोगी वाटते. तिच्यात एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स) पात्र ओळखू येणारं हवं, त्याची ओळख केवळ लैंगिकतेपुरती नको, आणि ते काढून टाकलं तर कथेवर ठळक परिणाम व्हायला हवा. ही तिसरी अट कुठल्याही समाजाच्या पात्राला लावता येते. फक्त गुन्हेपटात एक दुरुस्ती करा: ‘खुनी काढला तर कथा कोसळते’ हे उघडच आहे, म्हणून तिथे पहिल्या दोन अटींवर भर द्या. मुस्लिम पात्रांसाठी २०१८ ची रिझ चाचणी आहे. ती अभिनेते रिझ अहमद यांनी ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणावरून सुचली. पात्र दहशतवादाशी जोडलेलं आहे का, विनाकारण संतापी, मागासलेलं, पाश्चात्त्य जीवनाला धोका असलेलं, पुरुष असेल तर स्त्रीद्वेष्टं किंवा स्त्री असेल तर पुरुषांनी दडपलेली असं रंगवलंय का, असे पाच प्रश्न. हेर आणि गुन्हेगारीच्या सिनेमांसाठी ते फार नेमके आहेत.

पायरी ७: आवाज बंद करून दहा मिनिटं

मधली कुठलीही दहा मिनिटं आवाज बंद करून बघा. प्रकाश कोणाच्या चेहऱ्यावर पडतो? रात्रीच्या प्रसंगात गडद त्वचेचे चेहरे नीट दिसतात की फक्त आकृत्या उरतात? वस्तीचा रंग बदलतो का? ‘ट्रॅफिक’ (२०००) मध्ये मेक्सिकोतले प्रसंग पिवळसर करपट रंगात आणि ओहायोतले निळ्या थंड रंगात आहेत. दिग्दर्शकाला तीन कथा वेगळ्या ठेवायच्या होत्या हे समजतं, पण पुढे कितीतरी सिनेमा-मालिकांत गरीब, उष्ण देश म्हणजे पिवळा रंग हा नियमच होऊन बसला.

मग उलट करा, पडद्याकडे न बघता फक्त ऐका. कोणाच्या भाषेला उपशीर्षकं आहेत? टोळीतली माणसं आपसांत बोलतात आणि खाली काहीच येत नाही, तेव्हा त्यांचं बोलणं नुसता कलकलाट होतं, आणि प्रेक्षकाला कलकलाटाची भीती वाटते. विशिष्ट बोली फक्त गुंडांच्या आणि नोकरांच्या तोंडी आहे का, हेही याच वेळी टिपून घ्या.

पायरी ८: एका मापावर उत्तम, दुसऱ्यावर घातक

जोनाथन डेमी यांचा ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) सरावासाठी घ्या. स्त्री अधिकाऱ्याच्या बाजूने बघायचं म्हणजे काय, हे त्यात छायाचित्रणातून शिकता येतं. क्लॅरिस या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याशी बोलणारे पुरुष पुन्हा पुन्हा थेट कॅमेऱ्यात बघतात, म्हणजे त्यांची नजर आपल्यावर येऊन आदळते. सुरुवातीला ती लिफ्टमध्ये उंच पुरुषांच्या घोळक्यात उभी असते, तेव्हा एकही शब्द न बोलता तिचं सगळं जग कळतं.

त्याच सिनेमातला खुनी स्त्रियांची कातडी काढून स्त्री व्हायला बघतो. तो खऱ्या अर्थाने ट्रान्स नाही आणि ट्रान्स असण्याचा हिंसेशी संबंध आढळलेला नाही, असं संवादात सांगितलं आहे. वाक्य आहे, पण ते दोन-चार सेकंदांचं. आरशापुढे नाचणाऱ्या खुन्याचं दृश्य मात्र आयुष्यभर डोक्यात राहतं. १९९२ च्या ऑस्कर सोहळ्याच्या वेळी बाहेर निदर्शनं झाली, त्यामागे हेही एक कारण होतं. ट्रान्स माणूस दुसऱ्या कुठल्या रूपात पडद्यावर जवळजवळ दिसतच नव्हता, त्या काळात एकुलत्या एका प्रतिमेचं वजन किती होतं याचा विचार करा.

यातून निघणारा नियम असा, की संवादातली सफाई आणि दृश्याचा परिणाम वेगवेगळे तोला. आणि एकूण गुण देऊ नका. दहापैकी सात म्हटलं की क्लॅरिसचं चित्रण खुन्याच्या चित्रणाची भरपाई करतं असा अर्थ निघतो. तशी भरपाई होत नसते.

याचा अर्थ वंचित समाजातलं पात्र खलनायक असूच नये, असा काढू नका. सगळी अल्पसंख्याक पात्रं सज्जन, सोशिक आणि बिनडागी असणं हे दुसऱ्या प्रकारचं पुसून टाकणंच आहे. गुन्हेपटाचा जीवच माणसाच्या काळ्या बाजूत आहे, तिथे कोणाला काळी बाजू नाकारणं म्हणजे त्याला पूर्ण माणूस न मानणं. बघायचं ते हे: त्याच्या गुन्ह्याला कारण मिळालं का? बहुसंख्याक खुन्याला बालपण, अपमान, लोभ, मोह असा इतिहास मिळतो आणि दुसऱ्याचा समाज हाच त्याचा इतिहास समजला जातो, तेव्हा खरी विषमता असते. त्याच समाजातलं, गुन्ह्याशी संबंध नसलेलं, साधं जगणारं दुसरं पात्र सिनेमात आहे का, हेही विचारा. एक असलं तरी चित्र बदलतं.

पायरी ९: पडद्यामागे

श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा: लेखन, दिग्दर्शन, संकलन, सल्लागार. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मध्ये मेक्सिकन अधिकाऱ्याच्या भूमिकेत चार्लटन हेस्टन आहेत, चेहरा गडद रंगवून. पटकथेत तो अधिकारी प्रामाणिक आणि कर्तबगार आहे, गोरा अमेरिकी पोलीस भ्रष्ट. कागदावरचं प्रतिनिधित्व आणि प्रत्यक्ष काम मिळणं यांतलं अंतर याहून स्पष्ट दिसणं कठीण.

सत्यघटनेवरचा सिनेमा असेल तर मूळ प्रकरण वाचा, विशेषतः नेमका कोणता समाज होता ते. ‘जय भीम’ (२०२१) हा १९९३ च्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणावर आधारलेला आहे. सिनेमात पीडित कुटुंब इरुलर दाखवलं आहे, प्रत्यक्षात ते कुरवर समाजाचं होतं. दोन्ही समाजांनी पोलिसी अत्याचार सोसले आहेत, तरी हा बदल नोंदवण्याजोगा आहेच.

सल्लागार घेतला म्हणजे काम झालं, असंही नाही. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (२०२३) या चित्रपटात १९२० च्या दशकातल्या ओसेज या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या हत्यांची कथा आहे. आधी तपास अधिकाऱ्याभोवती फिरणारी पटकथा बदलून एका ओसेज स्त्री आणि तिच्या गोऱ्या नवऱ्याच्या संसारावर आणली गेली. तरीही सिनेमाच्या ओसेज भाषा सल्लागारांपैकी एकाने प्रीमियरच्या वेळी जाहीरपणे सांगितलं, की ही गोष्ट त्या स्त्रीच्या नजरेतून यायला हवी होती. असे आवाज शोधून वाचा. ते पायरी ५ मधल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापेक्षा जवळून देतात.

पुरस्कारांच्या अटींवर फार विसंबू नका. ऑस्करच्या समावेशकतेच्या अटी २०२० मध्ये जाहीर झाल्या आणि २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटाला लागू झाल्या. चारपैकी दोन अटी पुऱ्या केल्या की पुरतं, आणि त्यांतल्या काही प्रशिक्षण किंवा प्रसिद्धी विभागातल्या नेमणुकांतूनही पुऱ्या होतात. त्या लोकांना काम मिळणं मोलाचं आहे, पण त्यावरून पडद्यावर संशय कोणावर टाकला हे कळत नाही.

पायरी १०: लिहिताना

आधी निरीक्षण, मग अर्थ. ‘हा सिनेमा स्थलांतरितांच्या विरोधात आहे’ असं सुरुवातीलाच लिहिलंत तर वाचक तुमच्याशी वाद घालेल. ‘सिनेमात चार स्थलांतरित पात्रं आहेत, एकालाही नाव नाही, दोघांना संवाद नाहीत, तिघांवर पुराव्याशिवाय संशय घेतला जातो’ असं लिहिलंत तर वाचक सिनेमा परत बघेल. प्रसंग सांगा, शक्य तिथे वेळही द्या. ‘दिग्दर्शकाला असं म्हणायचं होतं’ हे टाळा. हेतू आपल्याला दिसत नाही, पडद्यावर जे आलं ते दिसतं.

तुम्ही ज्या समाजातले नाही त्याच्या वतीने ‘त्यांना दुखावलं’ असं लिहू नका. कोण काय म्हणालं ते नावानिशी सांगा, आणि त्या समाजातही मतभेद असतील तर दोन्ही बाजू द्या.

मजकूर पुरा झाला की, तुम्ही सगळ्यात कठोर शब्द ज्या प्रसंगाबद्दल वापरलेत तो प्रसंग पुन्हा एकदा लावा, त्याच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं धरून. मग पहिल्या दिवशी लिहिलेली संशयितांची यादी शेजारी ठेवा. तुम्हाला आलेला संशय आणि तुम्ही सिनेमावर ठेवलेला दोष एकाच पात्राबद्दल असेल, तर तेही लेखात लिहा.